रताळी उकडताना: पाणी, वाफ आणि मधली आच

रताळ्याचे नशीब महाराष्ट्रात उपवासाला बांधलेले आहे. आषाढी एकादशी, नवरात्र आणि महाशिवरात्र आली की बाजारात रताळ्यांचे ढीग लागतात, भाव चढतो, आणि चार दिवसांनी ढीगही जातात आणि गिऱ्हाईकही. यवतमाळ जिल्ह्यातल्या महागाव, उमरखेड, पुसद या पट्ट्यात वेगळे काही नाही. माहूरची रेणुका इथून जवळ, त्यामुळे नवरात्राचे नऊ दिवस धरणारी घरे पुष्कळ. साबुदाण्याने पोट जड झाले की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रताळ्याची आठवण होते. मग ती कुकरमध्ये पडतात, डाळ-भाताच्या सवयीने तीन-चार शिट्ट्या होतात, आणि झाकण काढल्यावर साल फाटलेले, पाणी प्यालेले, पाणचट काहीतरी हाती येते. वरून साखर भुरभुरून ते संपवले जाते आणि नाव ठेवले जाते रताळ्याला.

रताळे उकडणे हा सगळ्यांत सोपा स्वयंपाक समजला जातो, म्हणूनच त्याचा विचार फारसा होत नाही. पाणी किती घालायचे, साल काढायची का, शिट्ट्या किती, हेच प्रश्न विचारले जातात. या सगळ्यांना उत्तरे आहेत आणि ती पुढे येतीलच. पण खरा प्रश्न त्यांच्या मुळाशी आहे. कोमट आणि उकळते यांच्या मधल्या आचेत रताळ्याला किती वेळ मिळाला, यावर त्याची गोडी ठरते, आणि घरोघरच्या पद्धती तपासायच्या त्या याच कसोटीवर.

कच्चे रताळे चावून पाहिले तर थोडे गोड लागते. ती गोडी सुक्रोजची, म्हणजे उसातल्याच साखरेची, आणि थोड्या ग्लुकोज-फ्रुक्टोजची. उकडल्यावर जी जास्तीची गोडी येते ती मात्र कंदात आधीपासून नसते, ती चुलीवर तयार होते. रताळ्याच्या गरात स्टार्च भरपूर आणि त्याच गरात बीटा-अमायलेज नावाचे विकरही भरपूर. हे विकर स्टार्चची लांब साखळी तोडून माल्टोज ही साखर बनवते. कच्च्या स्टार्चचे कण घट्ट असतात, त्यांत त्याला शिरता येत नाही. साधारण ६० अंश सेल्सिअसच्या पुढे हे कण पाणी ओढून फुगतात, सैल होतात आणि विकराचे काम जोरात सुरू होते. पुढे ८० अंशांच्या आसपास विकर स्वतःच निकामी होते. म्हणजे गोड होण्यासाठी रताळ्याला ६० ते ८० अंशांच्या दरम्यानचा टप्पा तेवढा मिळतो. हा टप्पा त्याने सावकाश ओलांडला तर माल्टोज भरपूर, घाईने ओलांडला तर स्टार्च तसाच शिजून पिठूळ राहतो. माल्टोज साखरेच्या जवळपास एक तृतीयांशच गोड असते, पण रताळ्यात ते इतके होते की जिभेला फरक स्वच्छ कळतो.

इथे जाडीचा हिशेब महत्त्वाचा आहे आणि तो सहसा चुकतो. कंदाच्या पोटात उष्णता हळूहळू सरकते. जाडी दुप्पट झाली की गाभ्यापर्यंत उष्णता पोचायला दुप्पट नव्हे, जवळपास चौपट वेळ लागतो. त्यामुळे एकाच भांड्यात मनगटाएवढे आणि बोटाएवढे रताळे टाकले तर एक कच्चे राहणार किंवा दुसऱ्याचा लगदा होणार. उकडायला घेताना वजन पाहू नये, जाडी पाहावी. सारख्या जाडीची एकत्र घ्यावीत. फार जाड असेल ते लांबीत चिरण्याऐवजी आडवे दोन तुकडे करण्याकडे लोकांचा कल असतो, पण त्याने जाडी कमी होत नाही. घाई असेल तर उभेच चिरले पाहिजे.

आता पद्धती. पहिली, सगळ्यांत जुनी आणि माझ्या मते घरच्या स्वयंपाकासाठी सगळ्यांत भरवशाची: गंजात गार पाणी, त्यात रताळी, आणि मंद आच. विदर्भात पातेल्याला गंज म्हणतात, आणि थोडा जाड बुडाचा गंज या कामाला उत्तम. रताळी सालीसकट घालावीत, वर दोन बोटे पाणी यावे. पाणी गार असले पाहिजे, कारण उकळत्या पाण्यात टाकलेल्या रताळ्याची बाहेरची बाजू मधल्या टप्प्यातून झटक्यात निघून जाते. आच अशी ठेवावी की पाण्याला उकळी यायला वीस-पंचवीस मिनिटे लागतील. तळाशी बारीक बुडबुडे धरू लागले की टप्पा सुरू आहे असे समजावे. उकळी आली की झाकण ठेवून, पाणी नुसते हलत राहील एवढ्या आचेवर मध्यम रताळ्यांना आणखी पंधरा-वीस मिनिटे. सुरी किंवा विणायची सुई गाभ्यापर्यंत अडखळल्याशिवाय गेली की झाले. त्यानंतरची पायरी बहुतेक घरांत गाळली जाते आणि तिनेच चव बिघडते. पाणी ताबडतोब ओतून टाकावे, रताळी त्याच तापलेल्या रिकाम्या गंजात परत ठेवावीत, झाकण थोडे उघडे ठेवावे आणि दहा मिनिटे तशीच राहू द्यावीत. अंगावरचे पाणी वाफ होऊन जाते, गर आवळतो, साल सुटते. उकडलेले रताळे पाण्यातच थंड होऊ दिले तर ते पाणी पीतच राहते.

मंद आच चांगली, मग ती आणखी मंद, आणखी लांब का नको? कारण रताळ्यात दुसरे एक विकर असते, ते पेक्टिनवर काम करते. पेक्टिन म्हणजे पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारा चिकट भाग. साठ अंशांच्या आसपास रताळे फार वेळ रेंगाळले की हे विकर पेक्टिनला असे बदलते की त्यात कॅल्शियम बसून ते घट्ट होते, आणि मग कितीही उकळा, गर मऊ व्हायला तयार होत नाही. डबाबंद रताळ्यांच्या कारखान्यांसाठी ही गोष्ट उपयोगी आहे. तिथे फोडी घट्ट राहाव्यात म्हणून मुद्दाम आधी त्यांना ६२ अंशांच्या आसपासच्या पाण्यात धरून ठेवण्याचे प्रयोग झाले आहेत. घरात मात्र आपल्याला मऊ रताळे हवे असते. म्हणून वीस-पंचवीस मिनिटे पुरे. सकाळी चुलीवर कोमट पाण्यात टाकून वावरात जायचे आणि दुपारी येऊन उकळायचे, असे करू नये.

दुसरी पद्धत वाफेची. चाळणी, मोदकपात्र, इडलीपात्र, काहीही चालते, रताळ्याला पाणी लागले नाही पाहिजे. गोडी पाण्यात उतरत नाही, क जीवनसत्त्वही कमी जाते, आणि गर कोरडा राहतो. घाऱ्या किंवा पॅटिस करायचे असतील तर वाफ हीच बरी, कारण ओला गर पीठ मागत जातो आणि रताळ्याची चव पिठाखाली दबते. वाफेत एक अडचण आहे: वाफ लगेच १०० अंशांची मिळते, मंद टप्पा आपोआप मिळत नाही. त्यावर उपाय सोपा. पाणी गार असतानाच रताळी चाळणीवर ठेवावीत आणि आच बेताची ठेवावी, म्हणजे भांडे आणि रताळे बरोबरच तापतात.

महागाव-उमरखेडच्या शेतकऱ्याला पाणी की वाफ हा वाद नवा नाही. या भागात हळद होते, आणि हळद काढल्यानंतर शिजवावीच लागते. पूर्वी मोठ्या काहिलीत पाणी भरून, वर पाला किंवा पोती झाकून हळकुंडे उकळत. फेस आला, हळदीचा विशिष्ट वास सुटला आणि काडी सहज आत गेली की हळद शिजली असे समजत. आता वाफेवर शिजवणारे ड्रम आले आहेत, बॉयलरमधून नळीने वाफ ड्रमात सोडली जाते. पाणी कमी लागते, सरपण कमी लागते, आणि सगळा माल सारखा शिजतो. हळद शिजवतानाही आत स्टार्चच फुगत असतो. हळदीला जास्त शिजवले तर ती लिबलिबीत होते आणि वाळल्यावर वजन-रंग दोन्ही बिघडतात, हे इथले शेतकरी नीट जाणतात. शेतातल्या ड्रमापाशी जे भान असते, ते घरातल्या कुकरपाशी असायला काहीच हरकत नाही. काडीची परीक्षाही तीच आहे. महाशिवरात्र आणि हळद शिजवण्याचा हंगाम साधारण एकाच सुमारास येतात, हा योगायोग तेवढ्यासाठी तरी लक्षात ठेवावा.

कुकरबद्दल मात्र न्यायाने बोलले पाहिजे. गॅसचे सिलिंडर महाग, घरात माणसे दहा, आणि बाईला पहाटे पाचला उठून फराळाचे आवरून वावर गाठायचे असते. तिला पाऊण तास गंजापाशी उभी राहा म्हणून सांगणारा लेख मला लिहायचा नाही. कुकरने काम होते, फक्त तो डाळीसारखा वापरू नये. पूर्ण दाबावर आत सुमारे १२० अंश तापमान असते, म्हणजे रताळ्याची बाहेरची बाजू गोडीच्या टप्प्यातून पळतच निघते. म्हणून दोन गोष्टी कराव्यात. कुकरच्या तळाशी जाळी ठेवून पेलाभर पाणी घालावे, रताळी कोरड्या डब्यात किंवा थेट जाळीवर ठेवावीत, त्यांच्यावर पाणी ओतू नये. आणि शिट्टी न लावता झाकण लावून दहा-पंधरा मिनिटे बारीक आचेवर नुसते तापू द्यावे. मग शिट्टी लावावी, एक शिट्टी मोठ्या आचेवर आणि पाच-सहा मिनिटे मंद, की आच बंद. दाब आपला आपण उतरू द्यावा. चिमट्याने शिट्टी उचलून वाफ सोडली की आतला दाब एकदम पडतो, रताळ्याच्या आतले पाणी एकाएकी उकळते आणि साल फाटते. कुकरमधली फुटलेली रताळी बहुतेक वेळा जास्त शिजल्याने फुटलेली नसतात, या झटक्याने फुटलेली असतात.

मायक्रोवेव्हबद्दल थोडक्यात. पाच-सात मिनिटांत रताळे शिजते, पण गोडीचा टप्पा जवळजवळ वगळला जातो आणि कडा चिवट होतात. एकट्या माणसाच्या रात्रीच्या भुकेला ठीक.

गोडीच्या बाबतीत या सगळ्यांना मागे टाकणारी पद्धत उकडण्याची नाहीच, ती चुलीतल्या आराची आहे. स्वयंपाक उरकल्यावर आर राखेखाली सारायचा आणि त्या गरम राखेत रताळे पुरायचे. राख उष्णता धरून ठेवते पण हळू देते, त्यामुळे रताळे तासभर मधल्या टप्प्यात राहते, शिवाय त्याचे स्वतःचे पाणी उडून गोडी आटते. सालीतून काळा चिकट पाक बाहेर येतो तो हाच. ज्यांच्या घरी अजून चूल पेटते त्यांनी हे सोडू नये.

हे तत्त्व जगभर वेगवेगळ्या हातांनी शोधले आहे. रायगड जिल्ह्यात थंडीत पोपटी लावतात: मडक्यात वालाच्या शेंगा, बटाटे, रताळी, भांबुर्डीचा पाला, आणि पाण्याचा थेंब नाही. मडके पालथे ठेवून भोवती जाळ करतात आणि भाज्या स्वतःच्याच ओलाव्यावर शिजतात. पालघरकडून गुजरातेत शिरताना महामार्गालगत मिळणारे उंबाडियू त्याच जातीचे. न्यूझीलंडचे माओरी लोक जमिनीत खड्डा करून तापल्या दगडांवर रताळी, त्यांच्या भाषेत कुमारा, ओल्या कापडाखाली झाकून तासन्‌तास वाफवतात. त्या भट्टीला हांगी म्हणतात. जपानात हिवाळ्यात तापलेल्या बारीक दगडांत भाजलेली रताळी गाडीवर विकतात. कुठेही घाई नाही, हे या सगळ्यांतले साम्य. पुसद-उमरखेडचा भाग उसाचाही आहे. ऊसपट्ट्यात जिथे गुऱ्हाळ चालते तिथे उकळत्या रसात रताळे शिजवून खाण्याची मजा ज्यांनी घेतली आहे त्यांना वेगळे सांगायला नको, पण तिथली गोडी बरीचशी उसाची असते, रताळ्याची परीक्षा तिथे होत नाही.

पाण्याकडे वळू. यवतमाळ जिल्ह्यात बोअरचे पाणी पुष्कळ ठिकाणी जड आहे. जड पाण्यातले कॅल्शियम पेक्टिनला घट्ट करते, म्हणून अशा पाण्यात डाळ शिजायला वेळ लागतो हे सगळ्यांना माहीत आहे; रताळ्याचेही थोड्या प्रमाणात तेच होते. दुसरी गोष्ट रंगाची. पांढऱ्या गराच्या रताळ्यात क्लोरोजेनिक आम्ल असते. पाणी क्षारयुक्त असेल, किंवा लवकर शिजावे म्हणून कोणी चिमूटभर खायचा सोडा टाकला, तर याच आम्लामुळे गराला हिरवट छटा येते. लोखंडी कढईत उकडले तर लोहाशी संयोग होऊन काळपट होते. दोन्हींत विषारी काही नाही, पण ताटात वाढवत नाही. स्टीलचे किंवा जाड अॅल्युमिनियमचे भांडे घ्यावे, शक्य तर नळाचे किंवा गाळलेले पाणी, आणि सोडा अजिबात नको. लिंबाचे चार थेंब टाकले तर रंग स्वच्छ राहतो. मिठाबद्दल मतभेद आहेत. सालीसकट उकडताना मीठ आत फारसे जात नाही, फोडी करून उकडताना थोडे सैंधव घातले तर गोडी उठून दिसते.

साल काढायची का, याला माझे उत्तर ठाम आहे: उकडण्याआधी काढू नये. साल हे रताळ्याचे स्वतःचे झाकण आहे. ती काढली, दोन्ही टोके छाटली आणि मग पाण्यात टाकले की साखर, क जीवनसत्त्व आणि पोटॅशियम पाण्यात उतरतात. टोके छाटायची असतील तर उकडून झाल्यावर. अपवाद एकच. मूत्रपिंडाच्या आजारात ज्यांना डॉक्टरांनी पोटॅशियम कमी करायला सांगितले आहे, त्यांच्यासाठी साल काढून, लहान फोडी करून, भरपूर पाण्यात उकडून ते पाणी टाकून देणे हाच मार्ग, आणि तोही किती खायचे हे डॉक्टरांना विचारूनच.

साल ठेवायची तर ती स्वच्छ हवी, आणि इथे आपल्या काळ्या मातीचा प्रश्न येतो. रताळ्याला भुसभुशीत, वाळूमिश्रित पोयट्याची जमीन मानवते. काळ्या, चिकण रानात कंद वाकडेतिकडे, खाचखळग्यांचे होतात आणि त्या खाचांत माती घट्ट बसते. कापूस, सोयाबीन, तूर, ऊस, हळद यांच्या गर्दीत इथे रताळ्याला मुख्य पिकाचा मान नाही. कुठे धुऱ्याकडेला, कुठे पैनगंगेच्या किंवा पूस नदीच्या काठच्या गाळाच्या तुकड्यात दोन वाफे, एवढेच त्याला मिळते. गाळाच्या जमिनीतले सरळ, गुळगुळीत रताळे मिळाले तर तेच घ्यावे. वाकडे घेतले तर पाण्यात दहा मिनिटे भिजवून काथ्याने घासावे. मातीची चव सालीतून आत उतरते ती धुताना केलेल्या आळसामुळे.

पुण्याच्या मार्केट यार्डात आषाढीच्या आधी करमाळा आणि कऱ्हाड भागातून, शिवाय बेळगावकडून रताळ्यांची आवक होते. तिथे गावरान म्हणून विकली जाणारी लहान रताळी चवीला गोड आणि बाहेरची मोठी दिसायला देखणी पण कमी गोड, असा अनुभव विक्रेतेही सांगतात आणि खाणारेही. आकाराला भुलू नये, एवढे यातून घ्यावे. मध्यम जाडीची, घट्ट, कोंब नसलेली, सालीवर बारीक छिद्रे नसलेली रताळी निवडावीत. छिद्रे म्हणजे सोंड्या भुंग्याची खूण. हा रताळ्याचा सगळ्यांत मोठा शत्रू. त्याच्या अळ्या आत बोगदे करतात आणि रताळे स्वतःच्या बचावासाठी कडू द्रव्ये तयार करते. ही कडू द्रव्ये उकडल्याने पुरती जात नाहीत, आणि त्यांतली काही यकृताला व फुप्फुसाला घातक असतात. किडकी, बुरशी लागलेली रताळी खाऊन जनावरे दगावल्याची उदाहरणे जगात नोंदलेली आहेत. म्हणून किडके रताळे कापून चांगला भाग ठेवण्यापेक्षा कडू लागले की सगळे टाकावे, आणि गुरांपुढेही टाकू नये. कोंब आलेल्याची गोष्ट वेगळी. बटाट्याच्या हिरव्या कोंबात विष असते, रताळ्याच्या कोंबात नसते. कोंब मोडून रताळे खुशाल उकडावे. आणि वेलाचा कोवळा पाला तर भाजी म्हणून खाता येतो, आफ्रिकेत आणि फिलिपाइन्समध्ये तो रोजच्या जेवणात असतो.

घरी आणलेले रताळे फ्रिजमध्ये ठेवणे ही हल्लीची सर्रास चूक आहे. उष्ण प्रदेशातला हा कंद १२-१३ अंशांखाली गारठतो. गारठलेल्या रताळ्याचा गाभा उकडल्यावरही टणक राहतो आणि त्या टणक गाठीला कोणताही कुकर मऊ करू शकत नाही. अनेकांना वाटते आपण कमी उकडले, आणि ते आणखी दोन शिट्ट्या करतात. दोष आचेचा नसतो, थंडीचा असतो. टोपलीत, हवेशीर अंधाऱ्या जागी ठेवावे. ताज्या काढलेल्या रताळ्यापेक्षा दोन-तीन आठवडे मुरलेले रताळे गोड लागते, कारण साठवणीत थोडा स्टार्च साखरेत बदलतो. शास्त्रशुद्ध साठवणीत काढणीनंतर चार ते सात दिवस सुमारे ३० अंश तापमान आणि ८५-९० टक्के आर्द्रतेत माल ठेवतात, म्हणजे ओरखडे भरून येतात, साल पक्की होते. नंतर १३ ते १५ अंशांत तो महिनोन्‌महिने टिकतो. आपल्याकडे काढले की पोत्यात आणि पोत्यातून बाजारात, त्यामुळे सणाच्या दिवशी मिळणारे रताळे बहुधा कोवळे आणि ओरखडलेले असते. शेतकऱ्याने आठवडाभर आधी काढून, सावलीत ओल्या गोणपाटाखाली मुरवून आणले तर त्याच मालाला चव वेगळी येईल, आणि गिऱ्हाईक ती ओळखील.

आता आरोग्याकडे, कारण रताळ्याबद्दलचे निम्मे प्रश्न हल्ली मधुमेहावरून येतात. रताळे गोड म्हणून वर्ज्य, असे एक टोक. रताळे म्हणजे औषध, असे दुसरे. दोन्ही टोके सोडावीत. जमैकात रताळ्याच्या दहा वाणांवर झालेला आणि २०११ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास या बाबतीत डोळे उघडणारा आहे. तीच रताळी उकडली तेव्हा रक्तातली साखर वाढवण्याचा निर्देशांक ४१ ते ५० च्या दरम्यान आला, आणि भट्टीत किंवा निखाऱ्यावर भाजली तेव्हा ७९ ते ९४. तळलेली मध्ये कुठेतरी. वाण तेच, माणसे तीच, फरक फक्त शिजवण्याचा. भाजताना पाणी उडते, स्टार्च जास्त तुटतो, साखर दाटते. म्हणजे मी वर ज्या राखेतल्या रताळ्याचे गुण गायले, ते मधुमेह्याने चवीपुरते घ्यावे, आणि पोट भरायला उकडलेले. आपले वाण जमैकाचे नाहीत, त्यामुळे आकडे तसेच्या तसे लागू होतील असे नाही, पण उकडलेले भाजलेल्यापेक्षा सौम्य, ही दिशा पक्की आहे. मध्यम आकाराचे एक, सालीसकट उकडलेले, सोबत दही किंवा मूठभर दाणे, एवढे एका वेळेला पुरे. उपवासाच्या ताटात साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी आणि शेवटी रताळे, अशी स्टार्चवर स्टार्चची थप्पी लागते. त्या ताटातून काही काढायचे असेल तर रताळे शेवटी काढावे. साबुदाण्यात स्टार्चखेरीज जवळपास काही नसते. रताळ्यात चोथा आहे, पोटॅशियम आहे, क जीवनसत्त्व आहे, आणि शंभर ग्रॅमला ऊर्जा जेमतेम ७५ ते ९० कॅलरी.

या ताटाबद्दल आणखी एक गोष्ट सांगायचा मोह होतो. रताळे, बटाटा, शेंगदाणा, हिरवी मिरची, साबुदाणा ज्याच्यापासून होतो तो टॅपिओकाचा कंद, हे सगळे मूळचे अमेरिका खंडातले. गेल्या पाचेकशे वर्षांत, पोर्तुगीज आणि इतर युरोपीय जहाजांनी सुरू केलेल्या व्यापारातून ते आपल्यापर्यंत पोचले. जुन्या ग्रंथांत उपवासाला कंदमुळे चालतात एवढेच तत्त्व होते. नवीन कंद आला, लोकांनी त्याला त्या तत्त्वात बसवले आणि देवापुढे ठेवले. आपल्या आजी-पणजींच्या या मोकळेपणाचे मला कौतुक वाटते. कोणत्या जमिनीतून आला हे त्यांनी विचारले नाही, उपाशी माणसाला पेलतो का हे पाहिले.

उकडल्यानंतर काय करायचे, हे घराघराचे आपले आपले. कुस्करून गरम दुधात, गूळ आणि वेलची घालून लहान मुलाला भरवण्यासारखे दुसरे अन्न नाही. गोल काप करून तुपावर दोन्ही बाजूंनी लालसर करावेत, वरून गुळाचा पाक. कीस करायचा असेल तर उकडूच नये, तो कच्च्याचा करावा, तुपावर जिरे-मिरची घालून झाकणाखाली शिजवावा. उकडलेल्याचा कीस लगदा होतो. शिल्लक राहिलेले उकडलेले रताळे मात्र फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस चांगले राहते. थंड झाल्यावर त्यातला काही स्टार्च पुन्हा घट्ट होतो आणि पचायला सावकाश जातो, त्यामुळे दुसऱ्या दिवशीचे थंड रताळे ताकासोबत खाणाऱ्या शेतमजुराचे पोट उशिरापर्यंत धरून राहते, यात नवल नाही.

शेवटी वाणांबद्दल, कारण पुढच्या दहा वर्षांत उकडण्याची रीत बदलणार असेल तर ती वाणांमुळे. आपल्याकडची बहुतेक रताळी लाल किंवा पांढऱ्या सालीची आणि पांढऱ्या गराची. त्यांत अ जीवनसत्त्व नसल्यासारखेच. नारिंगी गराच्या रताळ्यात बीटा-कॅरोटीन भरपूर असते, ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवते. आफ्रिकेतल्या लहान मुलांची दृष्टी आणि प्रतिकारशक्ती वाचवण्यासाठी हे रताळे घरोघर पोचवणाऱ्या मारिया आंद्रादे, रॉबर्ट म्वांगा आणि जॅन लो या तिघांना, पिकांतून पोषण वाढवण्याची चळवळ उभी करणाऱ्या हॉवर्थ बुईस यांच्यासोबत, २०१६ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. भारतात तिरुवनंतपुरमजवळ श्रीकार्यम येथे १९६३ पासून केंद्रीय कंद पीक संशोधन संस्था काम करते आहे. या संस्थेचा भू सोना हा नारिंगी वाण शंभर ग्रॅमला सुमारे १४ मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन देतो, आणि भू कृष्णा हा जांभळ्या गराचा. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा कोकण अश्विनी हा वाणही आपल्याच राज्यातला. ओडिशा रताळ्याच्या उत्पादनात देशात पुढे आहे, तिथे नारिंगी रताळे आदिवासी भागांतल्या शेतांत गेले आहे. यवतमाळच्या तांड्यांवर, कोलाम-गोंडांच्या पोडांवर आणि महागावच्या अंगणवाड्यांत ते का जाऊ नये? वेलाचा वीतभर तुकडा लावला की लागवड झाली, बियाण्याचा खर्च नाही, फवारणी फारशी नाही. कृषी विभागाने आणि अंगणवाडीने मिळून प्रत्येक गावात दोन वाफे वेल पुरवले, तर बाकीचे बाया करतील.

नारिंगी रताळे हाती आले की उकडताना एवढे सांभाळावे. त्याच्यात पाण्याचा अंश जास्त आणि स्टार्च कमी असतो, म्हणून ते पांढऱ्यापेक्षा लवकर शिजते आणि पाण्यात पटकन फुटते. ते वाफेवरच करावे, काडी दहा मिनिटे आधीपासून घालून पाहावी. सालीसकट, झाकण ठेवून उकडले तर बहुतांश कॅरोटीन टिकते. फोडी करून उन्हात वाळवले तर बरेच उडून जाते. आणि कॅरोटीन स्निग्धाशिवाय अंगी लागत नाही, तेव्हा मुलाच्या वाटीत कुस्करताना चमचाभर तूप किंवा शेंगदाण्याचे कूट घालावे.